पहिले व्हॉल्व, मंग चाबी

आमची वंदनाताई प्लांटात हायड्रॉलिक सांभाळते, तुमाले माहीत आहे. तिनं सोताच्या गाडीत दाबानं तेल साठवून ठेवणारं एक सिलिंडर बसवलं. जोरात वळण घेतलं तरी इंजिनाले तेल कमी पडत नाही. फक्त आधी त्याचा व्हॉल्व बंद करा लागते, मंग इंजिन. नाहीतर साठवलेलं तेल सारं खाली उतरते.

गाडी ताई चालवत होती; रिसालीच्या चौकात तिच्या बाजूले बसलेला मी बिना सीटबेल्टचा सापडलो. पोलिसानं खिडकीतून हात घालून चाबी धरली. ताईनं त्याचं मनगटच धरलं.

"साहब, पहले वाल्व, फिर चाबी."

व्हॉल्व फिरवून, इंजिन बंद करून, तिनंच चाबी त्याच्या हातात देल्ली.

चालान फाडून त्यानं चाबी परत केली. ताईनं ती अर्धीच फिरवली अन् व्हॉल्व उघडला. तेलाच्या दाबाचा काटा वर गेला.

पोलीस वाकून पाहून राहिला होता. "इंजन तो बंद है. काँटा कैसे चढ़ा?"

ताईनं समजावलं. त्यानं शिट्टी मारून पलीकडच्या शिपायाले बोलावलं.

"मैडम, इसको भी दिखाओ."