काकांचं आभाळ कोण धरायचं?

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले फ्रेमवाले, मंचावरचे पाहुणे, पुढच्या रांगेत बसलेली माझी काकू, आणि काकांच्या जलरंगाच्या वर्गातल्या लहानथोर मंडळींनो,

घरातून बोलायला मलाच का उभं केलं? शाळेत मी कायम वर्गाबाहेर उभा असायचो, तेवढीच काय ती सवय.

काकांना जाऊन वर्ष झालं. आज या वर्गाला निरोप. उद्यापासून खोलीला कुलूप, असं काकूनं ठरवलंय. शिकवणाराच गेला, आता काय उरलं, म्हणते.

पाहुण्यांनी आत्ताच काकांच्या आभाळाचं कौतुक केलं. खरंच, निळा रंग इतका अलगद फिका होत जातो की कुठं संपला ते कळत नाही. पण एक विचारू? काकांचा डावा खांदा वीस वर्षं आखडलेला. मग कागद लावलेला बोर्ड तिरका कोण धरायचं?

ओला रंग खाली उतरतो, तेव्हा बोर्ड नेमका वेळेवर आडवा करावा लागतो. उशीर झाला की खाली डबकं, घाई केली की रंग उलटा वर चढतो. काका ब्रश फिरवून बाजूला व्हायचे. बोर्ड काकूच्या हातात. कधी आडवा करायचा ते कसं कळतं, मी एकदा काकांना विचारलं.

"मला कुठं कळतं रे? हिला विचार."

कागदाची चमक जायला लागली की, एवढंच काकू म्हणाली. मीही हौसेनं एकदा बोर्ड धरला. सगळं आभाळ नदीत उतरलं. काकांनी चित्राला 'पूर' नाव देऊन टाकलं. मघाशी पाहुणे ज्याच्यासमोर हात मागं बांधून उभे होते ना, तेच ते.

काकू, डोळे वटारू नकोस, संपवतोच. तू मला कुलूप आणायला पाठवलंस. मी छापखान्यात गेलो. बाहेर फाटकावर पत्रक लावलंय: रविवारी सकाळी नऊला वर्ग, शिकवणार काकू. चौदा जणांनी नावं दिलीत, त्यात अध्यक्षही आहेत. रागाव हवं तर. पण ही खोली बंद झालेली मला बघवणार नाही.

थांबा, काकू काहीतरी म्हणतेय. जरा मोठ्यानं सांग ना.

"रविवारी नको, शनिवारी ठेव. आणि कागद स्वस्तातला आणू नकोस."

ऐकलंत सगळ्यांनी? आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. मी निघतो, फाटकावरचा वार बदलायचाय.