मुद्दाम रिकामी ठेवलेली ओळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरबाई, व्यासपीठावर बसलेले बालविभागाचे मोठे डॉक्टर, सर्व परिचारिका भगिनी, वॉर्डातल्या मावश्या, खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे बंधू, आणि आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या नवजात विभागाच्या मोठ्या सिस्टर, या सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

अध्यक्षबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. त्यांच्या हाताशी घंटी आहे, तीही मी पाहिली आहे. बाई, आधीच सांगते, माझा आज काही भरवसा नाही. पाच आठवडे मला सलग झोप मिळालेली नाही आणि पाच आठवडे मी कारण नसताना हसते आहे. काल दुकानात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "बाई, कोटाच्या बाह्या आखूड झाल्यात, यात हसण्यासारखं काय आहे?" आता त्यांना काय सांगणार?

मी व्यवसायानं कटर. शिंप्याच्या दुकानात कापड बेतते. मग रुग्णालयाच्या समारंभात माझं काय काम? तर मंडळी, मी सिस्टरांच्या हिरव्या वहीतली आहे. वहीतले आणखी कोण कोण आलेत? हात वर करा बघू! अगंबाई, एवढे! आणि सगळे चांगले धडधाकट. तो मागचा दाढीवालासुद्धा? कमाल आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जे बाळ पोटात जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलं नाही, त्याचं नाव सिस्टर हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहितात. दिवस किती भरले आणि वजन किती भरलं, दोन्ही बघून. एकदा नाव चढलं की सुटका नाही. दर वाढदिवसाला सिस्टरांसमोर हजर व्हायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, दंडाला बीपीचा पट्टा बांधून घ्यायचा, लघवीची बाटली द्यायची, आणि मग सिस्टर खिशातून एक चॉकलेट काढणार. ते चॉकलेट मला कायम कोमटच मिळालेलं आहे.

माझं नाव वहीत कसं गेलं? आम्ही जुळ्या. अगदी सारख्या. ती पहिल्या रांगेत मांडीवर गाठोडं घेऊन बसली आहे ना, तीच. जन्माच्या वेळी ती अडीच किलो आणि मी एक किलो चारशे. एकाच पोटात, एकाच वारेवर वाढलो, पण वाटणीत बाईसाहेबांनी सिंहाचा वाटा उचलला. बाबांनी तिला बघून म्हटलं, "हा पसा," आणि मला बघून म्हटलं, "ही चिमूट." तीच नावं पडली. आजही बँकेत सही करताना मला दोन सेकंद विचार करावा लागतो.

पुढे आजी जिद्दीला पेटली. चिमटीची पसाएवढी करून दाखवते म्हणाली आणि मला ठासून भरवायला लागली. सिस्टरांनी तिला समोर बसवलं. म्हणाल्या, "आजी, हिला घाईघाईनं गुबगुबीत करू नका. पोटात असताना हिला रसद कमी पडली. तेव्हा शरीरानं आधी मेंदूकडे पाठवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, भागवून घ्या. मूत्रपिंडात रक्त गाळायच्या बारीक गाळण्या असतात. त्या जन्माआधीच तयार होतात, नंतर एकही नवीन होत नाही. हिच्याकडे त्या कमी असणार. थोड्यांना सगळ्यांचं काम करावं लागणार. पुढे बीपी वाढू शकतं, साखर वाढू शकते. वाढेलच असं नाही. पण नजर ठेवायची." आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग केळं तरी देऊ का?"

मला मात्र हे सगळं थोतांड वाटायचं. अहो, मी शाळेत पोहण्यात पहिली यायची! पसा दर थंडीत शिंका देत बसायची, आणि तपासणी कुणाची? माझी. विसाव्या वाढदिवसाला मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एका इसमाबरोबर तलावावर जायचं होतं. इसम वजनकाटे दुरुस्त करायचा. या रुग्णालयाचे काटेही त्याच्याकडेच होते, आणि माझ्या तपासणीच्या दिवशीच नेमका इथला काटा बिघडायचा. तर मी पसाला म्हटलं, "तू जा माझ्या नावानं. तोंड तर तेच आहे." ती गेली. पाच मिनिटं बसली, पट्टा बांधून घेतला, चॉकलेट खाऊन आली. बीपी एकदम झकास! मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

आठ दिवसांनी सिस्टर आमच्या दुकानात. "कोट शिवायचाय." मी टेप घेऊन माप घ्यायला गेले. खांदा घेतला, छाती घेतली, दंडाला टेप गुंडाळला. एवढ्यात सिस्टरांनी पिशवीतून पट्टा काढून माझ्याच दंडाला गुंडाळला! दुकानात गिऱ्हाईकं, मालक, सगळे बघतायत. मी म्हटलं, "सिस्टर, अहो, गेल्या आठवड्यात तर झालं!" त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात पसा आली होती. पाच मिनिटं पाय न हलवता बसली. तू जन्मात बसली आहेस का?"

बीपी होतं एकशे साठवर शंभर. सिस्टरांनी पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दंडावर पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि मालकांना म्हणाल्या, "हिला मी घेऊन जाते." सोनोग्राफीत माझी दोन्ही मूत्रपिंडं लहान निघाली. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती. आणि मला काय होत होतं? काही नाही! डोकंसुद्धा दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन-चार वर्षं अशीच गेली असती तर मूत्रपिंडं निकामी झाली असती. त्या दिवसापासून गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, आणि आहेत तेवढ्या गाळण्या काम करतायत. पसा तर तेव्हापासून दर वर्षी माझ्याबरोबर येते आणि सांगते, "लागलंच तर माझ्यातलं एक देईन, तुझ्याच वाट्यातलं आहे ते." सिस्टर, तुम्ही नसतात तर... नाही, रडणार नाही. डोळे पुसायला मी फक्त मोजमापाचा टेप आणलाय.

हो, तो कोट त्यांनी शिवून घेतलाच. आजही अंगात आहे. बाह्या बरोबर आहेत, बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. पटकन सांगते, अध्यक्षबाईंचा हात घंटीकडे निघालाय.

गेल्या वर्षी मला दिवस गेले. आनंदानं नाचत सिस्टरांकडे आले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आईचं बीपी आणि मूत्रपिंडं अशी असली की वारेला रक्त कमी पोचू शकतं. मग बाळाचंही तुझ्यासारखंच." आणि माझ्यासमोर त्यांनी हिरवी वही उघडली. माझ्या नावाखाली पेन्सिलीनं एक ओळ आखली. लिहिलं काही नाही. म्हणाल्या, "ही तुझ्या बाळासाठी. लागू नये म्हणून आपण दोघी मरमर मरू. पण लागली तर जागा तयार असू दे." मंडळी, मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. स्वतःचं काय, गोळी घेते, ढकलते. पण माझ्या पोरीनं जन्माला येण्याआधीच 'भागवून घ्या' ऐकायचं?

मग काय! दर आठवड्याला पट्टा. रोजची गोळी बदलून पोटातल्या बाळाला चालेल अशी दिली. दर पंधरा दिवसांनी बाळाचं माप. मी दुसऱ्यांची मापं घेणारी, आणि माझ्या बाळाचं पोट किती मिलिमीटर, मांडीचं हाड किती मिलिमीटर, हे मला तोंडपाठ! शेवटच्या महिन्यात बाळाची वाढ मंदावली. त्या दिवशी सिस्टर चॉकलेट द्यायला विसरल्या. तेव्हाच मी समजले.

अडतिसावा आठवडा संपला तेव्हा बाळ झालं. रडली, ठणाणा केला तिनं. काट्यावर ठेवली. दोन किलो पाचशे साठ! माझा नवरा, म्हणजे तोच तलाववाला इसम, टाळ्या वाजवायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "तो टॉवेल काढा." टॉवेल काढला. दोन किलो पाचशे दहा. सिस्टरांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "काटा कुणी दुरुस्त केलाय?" तो म्हणाला, "मीच, मागच्या आठवड्यात." "म्हणूनच विचारते," म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावरून दुसरा काटा मागवला! मी तिथं पलंगावर पडलेली, टाके ओले, आणि हे दोघं माझ्या पोरीला पुन्हा पुन्हा मोजतायत. दुसऱ्या काट्यावरही दोन किलो पाचशे दहा. सिस्टरांनी तक्ता काढला, आठवडे बघितले, वजन बघितलं, बोट ठेवून दोनदा बघितलं. त्या आठवड्याची रेघ अडीच किलोवर, आणि पोरगी दहा ग्रॅम वर! मग खाली बसल्या. नुसत्या बसल्या. आणि खिशातून कोमट चॉकलेट काढून स्वतःच खाल्लं.

काल मी नव्या सिस्टरांना भेटायला गेले होते. मोठ्या सिस्टर त्यांच्या हाती हिरवी वही सोपवत होत्या. नव्या सिस्टर पानं चाळता चाळता थांबल्या. म्हणाल्या, "इथं एक ओळ चुकून सुटली आहे का?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "चुकून नाही. मुद्दाम रिकामी आहे. तिथं कुणी कधी काही लिहायचं नाही."

घंटी वाजली! ऐकली, ऐकली. संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, अध्यक्षबाईंनी दोन मिनिटं जास्त चालवून घेतली, आणि तुम्ही सगळ्यांनी एका हसऱ्या बाईला सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. विशेषतः पसा, तुझी माफी घरी गेल्यावर मागते, पोरगी सांभाळतेयस तोवर तुला दुखवणं परवडणारं नाही.

आणि सिस्टर, निवृत्त व्हायला तुम्हाला अजून अर्धा तास आहे. पट्टा पिशवीत आहे, मी मघाशी बघितलं. ही बघा, बाही वर करून खाली येते. पाच मिनिटं गप्प बसेन, पाय हलवणार नाही. आणि या वेळी मीच आलेय.