पट्ट्यावरच्या लाटा

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा ताई — सॅक विकणाऱ्यावर, की ती पाठीला लावून जगभर हिंडणाऱ्यावर? हिंडणाऱ्यावर ना? माझंही तेच म्हणणं! आम्ही काय, गल्ल्यावर बसून ‘दणकट आहे, दणकट आहे’ म्हणणारच — बोलायला आमचं काय जातंय? पण माझा मुलगा व्हिडिओत सांगतो ते वापरून सांगतो. तेच बघून आलात ना? ओळखलं मी, पायरी चढलात तेव्हाच. हल्ली निम्मं गिऱ्हाईक किंमत नंतर विचारतं, आधी विचारतं, ‘काका, तो तुमचाच ना?’ माझाच. बसा, ते स्टूल घ्या. विमा कंपनीत होता तो. साहेब असा नमुना, की हे पोरगं पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ बघायचा. घरी यायचं ते बुटासकट कॉटवर आडवं व्हायचं, जेवायला हाक मारली तर भिंतीकडे वळायचं. एक दिवस म्हणाला, बाबा, लॅपटॉप उघडला की ऑफिस, मिटला की परदेश — असं जगणारे लोक आहेत. मी म्हटलं, अरे, फेरीवालासुद्धा संध्याकाळी घरी येतो! हसला, आणि गेला.

तुम्ही कुठे असता? फोनवर तक्रारी ऐकता — दिवसभर? आणि वर हसऱ्या आवाजात बोलायचं? कठीण आहे बुवा. राजीनामा लिहून झालाय, उद्या देणार... त्याचे व्हिडिओ बघूनच धीर आला म्हणता. बरं. बरं. नाही, काही नाही, चांगलंच आहे. आपण सॅक बघू. ही करडी घ्या. चेन अशी एका बोटाने ओढायची — अडखळली तर माल परत. एकदा एक गृहस्थ आले, दुकानातल्या झाडून सगळ्या बॅगा उचलून पाहिल्या आणि म्हणाले, ती टांगलेलीच द्या, इतकी भरलेली असून हलकी आहे! म्हटलं, साहेब, आत रद्दी आहे — जुने पेपर चुरगळून कोंबतो आम्ही. चपट्या बॅगेकडे कुणी ढुंकून बघत नाही हो, जरा पोट भरलेलं दिसलं की पाय वळतात. यात फसवणूक नाही, धंद्याची रीत आहे — अहो, ती निळी विकायची नाहीये. खुंटीवरची. तशीच हवी तर खोक्यातली नवी काढतो, ती राहू द्या — ताई, चेन नका उघडू —

पेपर आहेत, हो. सांगितलं ना, रद्दी. काय झालं? पट्ट्यावर काय? शिवण आहे ती, हिरव्या दोऱ्याची. पट्टा तुटला तेव्हा निळा दोरा संपला होता, म्हणून मीच... कालच्या व्हिडिओत? हीच पाठीला लावून समुद्राकाठी उभा होता, आणि नेमकं इथेच, या शिवणीच्या जागी, पट्ट्याच्या आरपार लाटा हलत होत्या? तुम्हाला वाटलं मोबाईलचा दोष असेल.

नजर चांगली आहे तुमची. आमच्या दोघांच्याही लक्षात नाही आलं बघा. मागे पडदा हिरवा असतो ना — हिरवं दिसेल तेवढं कॉम्प्युटर पुसतो आणि तिथे समुद्र भरतो. माझी शिवणही पुसली. मला काय ठाऊक! मी आपला मजबूत टाके घालत बसलो.

वर बघू नका. तोच खोकला, पोटमाळ्यावर आहे. पत्र्याखाली, पंखा बंद करून बसतो, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. पण खरंच गेला होता हो! सुरुवातीचे व्हिडिओ खरे आहेत, तो डोंगर खरा आहे, ती बोट खरी आहे. मग कामं देणारे एकेक करून गळाले — हा जे लिहून द्यायचा ते मशीन फुकट लिहायला लागलं म्हणे. कुणाकुणाच्या फरशीवर झोपून दिवस काढले आणि शेवटी मागच्या दाराने आला. हाडं निघालेली. त्याची आई त्याला धरून रडायला लागली, आणि मी — मी पहिलं काय विचारलं असेल? जेवलास का? छे. ‘येताना कुणी बघितलं का तुला?’ साऱ्या बाजारात छाती काढून हिंडलो होतो ना मी, मुलगा आज इथे, मुलगा उद्या तिथे! पडदाही मीच आणून दिला. म्हटलं, काम मिळेपर्यंत. परवा म्हणाला, बाबा, सांगून टाकतो आता, जमलं नाही, घरी आलोय, एवढंच. तर मी म्हटलं, सुट्ट्यांचा सीझन जाऊ दे, सॅका खपतायत. असं म्हणालो मी. पोटच्या पोराला. आणि तो ‘बरं’ म्हणाला आणि वर जाऊन समुद्राकाठी उभा राहिला.

नाही, जाऊ नका असं नाही म्हणत मी. त्या फोनांनी तुमचं तोंड किती उतरलंय ते दिसतंय मला. पण उद्याचा राजीनामा माझ्या पडद्याकडे बघून नका — नको देऊस, पोरी.

ऐकलंस? पंखा लागला. म्हणजे रेकॉर्डिंग बंद केलं त्याने. सगळं ऐकलंन बहुतेक, फळ्या पातळच आहेत. शिडी वाजतेय — येतोय खाली, भरदुपारी, दुकान उघडं असताना.

ती करडी ठेव खाली, आज मी तुला काही विकणार नाही. जे विचारायचंय ते त्याला विचार, बरं काय होतं, वाईट काय होतं, सगळं. मी बाहेर फुटपाथवर थांबतो. मी समोर असलो की तो समुद्राकाठीच असतो. आणि गेलीसच कुठे, तर घरी फोन करशील तेव्हा हिशेब खरा ठेव, बाई — हसलीस तो दिवस जमेला धरशील, तर रडलीस तोही मांड.