म्हातारी काय म्हणे

देवाजी : तो व्हिडिओ पुन्हा लाव.

विक्की : बाबा, कितीदा लावू? पाहून पाहून पियूष वापस येणार आहे का?

देवाजी : पाहाले कोण म्हणते? ऐकाचं आहे मले. आवाज वाढव.

रुक्मा : बंद करा ना वो ते! माह्या भावाचं पोरगं हसून राहिलं त्यात. मले नाही पाहवत.

देवाजी : मलेबी नाही पाहवत, रुक्मा. पण तुही वहिनी आता फोन करन. सकाळपासून तिचं एकच. भाऊजी, ते पाण्याजवळची म्हातारी माह्या पियूषले काय म्हणे? तुमी भिलाईत राहता, तुमाले तिकडची बोली येते, मले सांगा. काय सांगू?

विक्की : सांगा, बडबडून राहिली होती. ते म्हातारी सगळ्यायवरच ओरडते. माही गाडी दिसली की सुरू. आमच्या टूरच्या पार्ट्यायनं तिच्या मासोळ्या पळतात ना, म्हणून जलते.

देवाजी : काय ओरडते? शब्द सांग.

विक्की : छत्तीसगढीत काहीतरी.

देवाजी : काहीतरी! तू लहानाचा मोठा इथं झाला बे. शेजारची तुळसाबाई दिवसभर तुह्या मागं राहे, झन चढ रे, झन कूद रे. झन म्हणजे काय, हे तुले आता मी शिकवू?

विक्की : ...नको म्हणजे.

देवाजी : मंग? "झन जावव, झन जावव." जाऊ नका म्हणे ते! हात जोडून म्हणे. नागपूरच्या पोट्ट्यायले तेवढं "जाव"च ऐकू आलं. त्यायची काय चूक? पण पियूषनं इचारलं. लाव, तिथून लाव. "दादा, आजी काय म्हणते?" असं साफ इचारलं त्यानं. अन् मागून कोण बोललं?

रुक्मा : त्याचा तो दोस्त. ज्यानं व्हिडिओ काढला तो.

देवाजी : विक्की, तुही आई काय म्हणते ऐकलं ना?

रुक्मा : दोस्तच होय ना रे तो?

विक्की : आई, मजाक केला मी.

रुक्मा : काय मजाक?

विक्की : म्हणलं, आजी जाव म्हणते, बिंदास कूद.

रुक्मा : अगं माय माय माय! तू? मी वहिनीजवळ बसून त्या दोस्ताले शिव्या देऊन आली. आठ दिवस बसली मी तिच्याजवळ!

विक्की : मूड बनला होता ना! आल्यापासून तो पियूष मले चिडवून राहिला होता. दादा, तुमच्या इथं धूर अन् लोखंडाशिवाय पाहाले आहे काय? म्हणलं, चल दाखवतो. झरना दाखवला, गुहा दाखवली, जंगलात तंबू ठोकून दिले. यार, पोट्टे पागल झाले होते पाहून. अन् पाण्याजवळ पोचल्यावर सांगू, की उतरू नका, दुरून पाहा? मंग मी कायचा टूरवाला?

देवाजी : जित्ता वापस आणणारा टूरवाला.

विक्की : तुमाले बोलाले सोपं आहे. तुमाले प्लांटनं परमनंट नोकरी दिली, सेक्टर दोनमध्ये क्वार्टर दिलं. मले काय भेटलं? ठेकेदाराच्या हाताखाली हेल्मेट घालून मरू? बाहेरचे लोक पहिल्यांदा आपलं जंगल पाहाले येऊन राहिले, अन् मी त्यायले भेव दाखवू?

देवाजी : कूद म्हणलं तवा खोल पाणी आहे हे माहीत होतं का नाही, तेवढं सांग.

विक्की : कडेले कमरेइतकं होतं. तो कडेलेच राहीन वाटलं.

देवाजी : वाटलं!

विक्की : मीच उडी मारली ना मंग मागून! माह्या हाताले त्याचा शर्ट लागला होता, बाबा. तुमाले काय वाटते, मले झोप येते?

रुक्मा : वहिनीले काय सांगाचं ते सांगा आता. रडाले जिंदगी पडली आहे.

देवाजी : जे आहे ते सांगीन.

विक्की : केस होईन माह्यावर. मामी तोंड नाही पाहणार.

देवाजी : नको पाहू दे. विहारात उभं राहून पंचशील म्हणतो मी, खोटं बोलणार नाही म्हणतो. अन् मेलेल्या पोराच्या मायसमोर कोणत्या तोंडानं बोलू?

रुक्मा : तुमाले तुमच्या तोंडाचं पडलं आहे! माहं माहेर एकच घर आहे वो. माय नव्हती मले. या विक्कीचं बाळंतपण त्याच वहिनीनं केलं, ह्याले तिनंच पहिलं न्हाऊ घातलं. तिले सांगू, की ह्यानंच कूद म्हणलं? एक पोरगं गेलं तिचं. हेबी तिच्याच हातात आलेलं होय, हेबी घेऊ तिच्यापासून?

देवाजी : रुक्मा, ते आपल्याले इचारून राहिली. भरोशानं.

रुक्मा : म्हणूनच म्हणतो मी, तुमी बोलू नका.

(फोन वाजतो.)

विक्की : मामी होय.

देवाजी : दे इकडं.

रुक्मा : माह्याजवळ दे. विक्की, माह्याजवळ दे म्हणलं ना! ...हॅलो. हो वहिनी, मीच होय. ...हो, पाहिला आमी. ...जेवली का तू? थोडं तरी खा ना बाई. ...हो, ऐकलं. छत्तीसगढी होय ते. ...नाही वो, शिव्या कायच्या देते? चांगलंच म्हणे बिचारी. ...ते म्हणे, जा बाबू, पण सांभाळून जा. ...हो. सांभाळून जा म्हणे. ...नको वो रडू अशी.

देवाजी : रुक्मा!

रुक्मा : ...काय म्हणलं? ...कशाले येते तू एवढ्या दूर? ...नाही, तसं नाही... बरं. बरं, सांगतो त्याले. ...हो, ठेव.

विक्की : काय म्हणे मामी?

रुक्मा : रविवारी येतो म्हणे. त्या म्हातारीसाठी लुगडं घेऊन. शेवटचं माह्या लेकराले सांभाळून जा म्हणलं तिनं, तिच्या पाया पडतो म्हणे.

देवाजी : अन् नेणार कोण तिले?

रुक्मा : विक्कीच पाहिजे म्हणे. त्याले तिची बोली समजते, तोच मले सगळं बरोबर सांगन म्हणे.