हात वदीमाचे, आवाज माझा

नाही, तू थांबू नकोस, टाईप करत राहा — कार्ड माझंच आहे, फोटो तेवढा जुना. बुरख्याची मुखपट्टी काढायला लावून काढलेला, त्यात कुठली बाई चांगली दिसते? हो, जाहिरातीचाच परवाना. फोनवर व्हिडिओ टाकून कुणाच्या मालाची जाहिरात करायची तर आता सरकारचा कागद लागतो ना, तोच काढायला आलेय तुमच्या टायपिंगच्या दुकानात. काय म्हणालीस? गाडीत कोण? ती… ती माझ्याबरोबर आहे. एसी चालू आहे, ड्रायव्हर आहे, विरघळत नाही ती. तू इकडे लक्ष दे. खात्याचं नाव ‘उम्म ओबैदचं स्वयंपाकघर’. उम्म ओबैद म्हणजे ओबैदची आई, आणि ओबैदची आई मी. मग परवाना कुणाच्या नावानं निघणार? माझ्याच. सरळ आहे ना? सरळच आहे.

नाव कार्डावर आहे ते — मैथा. अगं हळू वाच, मागे पुरुष बसलेत! हस, तुला काय होतंय हसायला, तुझ्या छातीवर तर तुझं नाव पाटी लावून टांगलंय, जसीला म्हणून, येईल तो चहावालासुद्धा जसीला जसीला करतो. आमच्यात मुलगा आईचं नाव चारचौघांत काढत नाही. शाळेत ही पोरं एकमेकांच्या आयांची नावं शोधून काढायची आणि मधल्या सुट्टीत ओरडायची — ओबैद एकदा दात पाडून आला होता, स्वतःचा नाही, दुसऱ्याचा. आता चाळीशीला आला, पोटाचा घेर बघ त्याचा, पण हे वेड गेलं नाही. काल मला म्हणतो, “उम्मी, परवान्याचा नंबर खात्यावर दिसणार, नंबर टाकला की नाव निघणार, आणि अख्ख्या खोरफक्कान गावाला माझ्या आईचं नाव कळणार. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!” मी म्हटलं, चोरी केलीय का मी माझ्या नावाची? माझ्या बापानं ठेवलंय ते. बाप गेला, आई गेली, नवरा — अल्ला त्याला जन्नत देवो — तो तर ओबैद झाल्या दिवसापासून ‘ओबैदची आई’ म्हणूनच हाक मारायचा. माझं नाव तोंडात घेणारं कुणी उरलं नाही बघ. आता सरकार लिहून देतंय तर लिहू दे. माझं जाईल काय?

चहा नको. हे खुर्चीचं चाक असंच फिरतं का गं? बसवत नाही मला एका जागी. सांग, अजून काय लागतं? पाहिलास तू? आमचे व्हिडिओ पाहिलेस? कुठला, लुगैमातचा? हो, ते गोळे तेलात सोडताना अंगठ्यानं जी टिचकी मारायची ना… हं. तूही तेच म्हणालीस. ‘तुमचे हात सलामत राहोत.’ सगळेच म्हणतात. कुणी खाऊ घातलं की हातांना दुवा द्यायची, रीतच आहे आमची. खाली हजार माणसं लिहितात, हात सलामत राहोत, हात सलामत राहोत. आवाजाला कुणी काही म्हणत नाही. सगळं सांगतं कोण? वेलची किती, खमीर कधी फुगतं, आजी काय म्हणायची, हसवतं कोण? तो आवाज माझा आहे. पण आवाजाला दुवा द्यायची रीत नाही ना, काय करणार.

काय बघतेस? हात काय बघतेस माझे? … तुझी नजर फार पुढची आहे गं पोरी. हो, व्हिडिओत मनगटावर भाजल्याचा डाग आहे आणि इथं नाही. पुसला गेला म्हणाले असते, पण तू मानणार नाहीस. बरं. हात तिचे आहेत. गाडीतलीचे. वदीमा. माझी सवत — पहिली तीच, मी मागून आले. तिला मूल होईना म्हणून मला आणलं. आणि तो डाग आहे ना, तो माझ्या लग्नाचा. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं गहू-मटणाचं हरीस कोण घोटणार, तर हीच, कारण तिच्यासारखं हरीस अख्ख्या वस्तीत कुणाला जमत नव्हतं. मोठा हंडा, गव्हाची खळ उडाली मनगटावर. ओरडलीसुद्धा नाही म्हणे. मी आत मेंदी लावून बसले होते, मला नंतर कळलं.

तसं नाही गं, भांडलो की! वर्षानुवर्षं भांडलो. एका घरात दोन चुली होत्या आमच्या. नवरा गेला तेव्हा कुठे एक झाली — दोघी विधवा, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, दारं बंद, मी आणि ती. बोलणार कुणाशी? भिंतीशी? ती भाकरी थापत बसायची आणि मी फोन घेऊन समोर बसायचे, एक दिवस सहज धरला तिच्या हातांवर आणि बडबडले काहीतरी. बिनमेंदीचे हात, नुसते पिठाचे. तो व्हिडिओ नात्यातल्या बायकांना पाठवला, त्यांनी पुढे पाठवला, आणि बघता बघता हे एवढं झालं. आता तुपाची कंपनी मागे लागलीय, आमचं तूप घालून शेवयांचं बलालीत करून दाखवा म्हणतात. ती हात चालवते, मी तोंड. ती म्हणतेच मला, “तू उंटावरून शेळ्या हाक, घाम मी गाळते.” दिवसभर त्या स्वयंपाकघरातून ओरडत असते, हे आण, ते धर, फोन सरळ धर — कान किटले माझे.

दोघींच्या नावानं? विचारलं मी, आधीच विचारलं, एका परवान्यावर एकच माणूस. वेगळे काढा तर खाती वेगळी, मग तिच्या खात्यावर मुके हात आणि माझ्या खात्यावर बिनहाताची बडबड. कोण बघेल? म्हणूनच तर ओबैद म्हणाला… सोड.

नाही, सांगते. तो म्हणाला, “वदीमा उम्मीच्या नावानं काढ.” मला तो नुसती उम्मी म्हणतो आणि तिला वदीमा उम्मी. तिनंच वाढवलाय त्याला, माझ्या अंगावर दूध होतं तेवढेच दिवस तो माझा. म्हणाला, तिचं नाव सगळे घेतात, तिला कुठे मुलगा आहे लाजायला? ऐकलंस? तिला मूल नाही म्हणून तिचं नाव उघड्यावर चालतं. तिला कुणी कुणाची आई म्हटलं नाही कधी, आयुष्यभर नुसती वदीमा. मला राग कुणाच्या बाजूनं आला तेही कळेना — तिच्या की माझ्या? पण आला. म्हटलं, आता तर माझंच घालीन. सकाळी त्यानं तिचं कार्ड माझ्या पर्समध्ये ठेवलं, तिलाही सांगितलं, तुझ्या नावाचा परवाना निघणार. ते कार्ड इथंच आहे, पर्समध्ये. मी काढलं माझं.

आणि तिनं काय केलं माहीत आहे? मेंदी काढली. दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. ईदचा झगा घातला. मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणते, परवान्यावर फोटो लागेल ना. तिला वाटतंय सरकार हातांचा फोटो काढणार! म्हणते, लोकांना माझे हातच माहीत आहेत, तोंडाचा काढून काय करतील? तेवढंच नाही, डाग दिसू नये म्हणून त्यावर फूल काढून घेतलंय. मी हसले. हसले, आणि काही सांगितलं नाही. गाडीत बसून राहिलीय तशीच, हात मांडीवर उताणे ठेवून, मेंदी बिघडू नये म्हणून.

नको बघूस अशी. मी वाईट नाही. घरी जाऊन सांगणार होते, कॉम्प्युटरनं तुझं कार्ड घेतलं नाही म्हणून. कॉम्प्युटरला कोण विचारायला जातंय? परवाना माझ्या नावाचा निघाला म्हणून तिचं काय जातं, हात तर तिचेच राहतात. दुवा तर तिलाच मिळते. मला एक नाव मिळालं तर… झालं का तुझं? आता काय? कोड? कुठे आला? फोन तर — अगं, फोन गाडीत आहे, तिच्याकडे. तिला स्वतःचेच व्हिडिओ बघायला आवडतात, म्हणून ठेवला. तू दाबलंस? आत्ताच पाठवलास? थांब, मी जाते, मी आणते, तिला वाचता येत नाही, काही कळणार नाही तिला, पण मी —

आली. बघ, आलीच. काचेच्या दाराला घाबरते, आपण आपल्यावरच आदळू म्हणते, आणि आज बरोबर आली. ऐकलंस काय ओरडली? दारातून, सगळ्यांसमोर! “मैथा! ए मैथा, तुझा फोन सारखा टुणटुण करतोय, कुणाला काही झालं का?” बघ, वळले सगळे पुरुष. आता ओबैदला संध्याकाळच्या आत कळेल. येते गं! तिथंच थांब, कुणाला काही झालेलं नाही!

मैथा.

आणि मी तुला काय सांगत बसले होते आत्ता? माझं नाव घेणारं कुणी उरलं नाही म्हणून. मैथा पीठ आण, मैथा फोन सरळ धर, मैथा गोळी घेतलीस का — लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. मी तिला धरलंच नाही बघ कशात. सवत ना. सवतीनं घेतलेलं नाव कोण मोजतं?

थांब, काही दाबू नकोस. कोड नाही सांगत मी तुला. पूस ते. सगळं पूस. चूक-बिक काही नाही झालेली, माझं मी म्हणतेय पूस, तू पुसायचं. हे घे, हे दुसरं कार्ड, इकडं पर्समध्ये होतं. लिही — वदीमा बिन्त खलफान. ओबैदसाठी नाही हं हे, त्याला मी बघते घरी गेल्यावर, त्याचं नाव उलटं करून टांगते दारावर.

आणि माझं जे काही ऐकलंस ते इथंच राहू दे. ती येतेय. ती हात पुढे करेल तुझ्यासमोर, दोन्ही. तुझा फोन काढ आणि फोटो घे. हो, घे म्हणतेय ना! फुलाखालचा डाग दिसला तरी दिसला नाही असं कर. ‘सरकारकडे पाठवला’ म्हण. नंतर मिटव हवं तर.

ये गं वदीमा, बस. इथं, माझ्या खुर्चीवर. नाही, कुणाचा फोन नव्हता. हात दाखव हिला.

तू काय माझ्याकडे बघतेस, जसीला? तिच्याकडे बघ. काढ फोटो. आणि गप्प.