ऑरव्हिलचं पिस्तूल

अमरिलो शहरातल्या बंदुकीच्या दुकानात माझ्यापुढे ऑरव्हिल आणि वेल्डा हे म्हातारं जोडपं उभं होतं. शर्टाखाली लपवून रोज बाळगायला ऑरव्हिलला पिस्तूल हवं होतं, पण गोळी भरायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचावा लागतो, तो काही त्याला खेचता येईना.

“स्प्रिंगच कडक आहे गं. हल्लीचा माल असलाच.”

“मग रिव्हॉल्व्हर घे. त्यात खेचाखेचीच नाही.”

“ते म्हाताऱ्यांनी घ्यायचं.”

“आणि तू कोण, नवरदेव?”

“मनगटात जोर आहे माझ्या. घरात लोणच्याच्या बरण्या कोण उघडतं?”

“तूच. मी झाकण आधी सैल करून देते ना!”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

ऑरव्हिल खो खो हसत सुटला आणि दुकानदाराला म्हणाला, “दाखव बाबा रिव्हॉल्व्हर. आधी हिच्या हातात दे.”