जाळीखालचा रणगाडा

नाही, नाही, रणगाड्यांवर माझा राग आहे असं नाही, गैरसमज नको, रशियाने वाट्टेल तितके बनवावेत, हौस त्यांची... पण त्यातले सैन्यात खरोखर दाखल किती झाले हे शोधायची जबाबदारी हेब्बाळला राहणाऱ्या माझ्या नवऱ्यावर का यावी? तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगते, शंतनु दर रविवारी मल्लेश्वरमला जातो. तिथे एका हॉलमध्ये हे सगळे पोटं सुटलेले इंजिनिअर टेबलावर बोटभर रणगाडे मांडून लढाई खेळतात. खेळणी म्हणायचं नाही हं, मॉडेल म्हणायचं! आणि नियम असा की जो रणगाडा खऱ्या सैन्यात दाखल झाला तोच टेबलावर. नुसता नमुना म्हणून बनवलेला चालणार नाही. आणि पंच कोण? आमचं ध्यान.

इथवर ठीक होतं. मग श्रीरंगने रणगाडा आणला. श्रीरंग म्हणजे शंतनुचा मॅनेजर, ज्याच्या हातात शंतनुचं प्रमोशन कधीचं लोंबकळतंय, तो! स्वतः रंगवलेला, पट्ट्यांवर चिखलसुद्धा रंगवलेला, 'ब्लॅक ईगल' नावाचा रशियन रणगाडा त्याने टेबलावर ठेवला आणि मऊ आवाजात... तो कधी ओरडत नाही हो, तेच तर वाईट... म्हणाला, "शंतनु, वार्षिक सामन्यात हा उतरवतोय. तू एकदा बघून घे."

बघून घे! झालं. अन्नावरची वासनाच उडाली याची. त्या रणगाड्याचं सगळं खानदान तोंडपाठ, टी-८०, टी-८०बी, टी-८०बीव्ही, टी-८०यू... अहो, आमची ५००-डी बस परवडली, निदान ती कुठेतरी जाते तरी! दात घासताना फोन, मीटिंगमध्ये फोन, एकदा रिक्षात बसला तर उतरायचंच विसरला, शेवटी रिक्षावाला मागे वळून कानडीत म्हणतो, "सार, हेब्बाळ बंतु." हेब्बाळ आलं म्हणे! बंतु तर बंतु, हा कुठे होता तिथे?

मी विचारायची, काय रे, झाला का दाखल? तर म्हणे प्रदर्शनात आला होता. अरे, पण सैन्यात दाखल झाला का? म्हणे मासिकांत फोटो आहेत. पण दाखल झाला का? की पुन्हा डोकं फोनमध्ये. आणि खरं सांगू? तो दाखल झालेला असावा असं याच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं! एखादी तुकडी, कुठल्या तरी कोपऱ्यातला तळ, एक तरी... रशियातल्या कुणा निवृत्त रणगाडेवाल्यालाही लिहिलं बिचाऱ्याने. उत्तर आलं, लांबून पाहिला होता, तोही जाळीखाली झाकलेला.

म्हटलं, दे ठोकून हो म्हणून, रशिया काय मल्लेश्वरमला तपासायला येणार आहे? माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी पेपर फोडायला सांगितलाय. मग हळूच म्हणाला, "नीलिमा, मला नीट येतं ते एवढंच गं. खरं-खोटं तपासणं. तेही सोडलं तर काय राहिलं?" मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

रविवारी मी मुद्दाम बरोबर गेले. हा उभा राहिला, कान लाल झालेले, आणि म्हणाला, "रणगाडा सुंदर आहे. दाखवला, टाळ्या मिळाल्या. पण सैन्यात दाखल झाला नाही. उतरवता येणार नाही."

श्रीरंगने रणगाडा उचलला, रुमालात गुंडाळला आणि म्हणाला, बरोबर आहे. एवढंच! अहो, चिडला असता, दोन शब्द बोलला असता तर परवडलं असतं.

आणि मंगळवारी प्रमोशनची बैठक. शंतनुने वर्षभराचं काम मांडलं, हे केलं, ते केलं, आणि शेवटी हुकमाचं पान काढलं, ते नवं सॉफ्टवेअर, ज्याचा डेमो बघून अख्खं ऑफिस उभं राहिलं होतं. श्रीरंगने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तोच मऊ आवाज, "सुंदर आहे. दाखवलंस, टाळ्या मिळाल्या. पण ग्राहकाकडे चालू झालं का?"

आता कसं होणार होतं हो चालू? महिनाभर हा माणूस रशियात होता!